अंक २, पान ५: विनोद चांगला आहे, पण तो सिग्नलचा आहे का?

बोरू

'सिग्नल' या सुपरहिरो कॉमिकच्या दुसऱ्या अंकाची संहिता चर्चेला ठेवतोय. २० पानं, काळी-पांढरी, मधे पिन, मुखपृष्ठ वेगळं. मूळ रेखाटन ए३ वर, छपाई ए५ वर. चर्चा फक्त विनोदाची हवी आहे: अंक हसवतो का, आणि हसवताना माणसं आपापल्या स्वभावात राहतात का.

ज्यांनी पहिला अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शलाका ट्रान्स हार्बर मार्गावर तिकीट तपासनीस आहे. मुखवटा चढवला की सिग्नल. तिने हात उभा केला की समोरची हलती वस्तू जागच्या जागी थांबते, पण तिने श्वास रोखून धरलेला असेल तोवरच. नौपाड्यातली आत्या, मराठीची निवृत्त शिक्षिका, तिला फोनवरून मदत करते. नवीन खलनायक महाभरती: संगीत नाटकात उमेदवारी केलेला, टाळी न मिळालेला नट. तो खाडीची भरती कित्येक पटींनी वाढवू शकतो, मात्र नसलेली भरती आणू शकत नाही. शेवटी दिवाळे गावची जनाआजी, जन्मभर खाडीत मासेमारी केलेली कोळीण.

पान ५ असं आहे (पॅनेल म्हणजे चित्राची एक चौकट):

पॅनेल १. ठाणे स्टेशन, फलाट ९-१०. सकाळचे दहा. रुळांवर घोटाभर पाणी. महाभरती इंडिकेटरखाली, हात पसरलेले.
महाभरती: ठाणेकरांनो! पिढ्यानपिढ्या ज्या खाडीकडे पाठ करून तुम्ही घरं बांधलीत, ती आज तुमच्या उंबरठ्याशी आली आहे! ओळखा मला! मी… महाभरती!

पॅनेल २. गर्दीतला मुलगा, पाठीला सॅक.
मुलगा: फॉर्म सुटले का?

पॅनेल ३. महाभरती. शब्द नाहीत.

पॅनेल ४. सिग्नल पुलाच्या जिन्यावरून उतरते.
सिग्नल: फॉर्म नको भरूस रे, याचा पेपर आधीच फुटलाय!

पॅनेल ५. महाभरती लाट उसळवतो. सिग्नल हात वर करते. लाट हवेत थांबते.
सिग्नल: काय राव, एवढ्याशा पाण्यात आमची बादलीपण भरत नाही!

पान_उलटा

पॅनेल १ ते ३ अगदी बरोबर आहेत. मुलगा विनोद करत नाही, त्याला खरंच नोकरी हवी आहे. महाभरतीही विनोद करत नाही, त्याला खरंच दरारा हवा आहे. दोघंही मनापासून बोलतायत आणि हसू आपोआप येतं. याला हात लावू नका.

पॅनेल ४ चं वाक्य सुटं वाचलं तर हसू येतं. पण पहिल्या अंकातली शलाका आठवा. तिला नियम पाळायचा असतो, समोरच्याला कमी लेखायचं नसतं. कामावर असताना ती कुणालाही अरे-तुरे करत नाही. पाकीटमारालाही 'अहो' म्हणते. इथे मात्र ती अचानक कॉलेजच्या कट्ट्यावरची हजरजबाबी मुलगी झाली आहे. तपासायची रीत सोपी आहे: पानावरची सगळी नावं बोटाने झाका आणि वाक्यं अदलाबदल करून वाचा. "याचा पेपर आधीच फुटलाय" हे त्या मुलाच्या तोंडी जास्त शोभतं, त्याच्या मित्राच्याही शोभतं, एखाद्या पोलिसाच्याही. जे वाक्य चौघांना चालतं ते सिग्नलचं नव्हे.

पॅनेल ५ मधली चूक मोठी आहे. लाट हवेत थांबलेली आहे, म्हणजे श्वास रोखलेला आहे, आणि तरी ती बोलतेय. पहिल्या अंकाच्या पान १४ वर लोकल थांबवताना तिला साधं "पळा" म्हणता आलं नव्हतं, तेवढ्यानेच तो प्रसंग चढला होता. आता ती लाट धरून कोटी करू शकत असेल तर तेव्हा का बोलली नाही, हे वाचक विचारणारच. एका हशासाठी ताकदीचा नियम मोडला की पुढच्या प्रत्येक संकटातली धास्ती जाते, कारण नियम गरजेप्रमाणे वाकतो हे कळलेलं असतं.

पॅनेल ४ साठी माझी सूचना:

सिग्नल: फलाट तिकीट?
महाभरती: मी महाभरती आहे!
सिग्नल: तुमची भरती पूर्ण यायला सहा तास. फलाट तिकीट दोन तासांचं. तीन काढावी लागतील. तीस रुपये.

हे दुसऱ्या कुणाच्याही तोंडी घालून बघा, बसत नाही. शिवाय कथेला लागणारी माहिती, म्हणजे भरतीला वेळ लागतो आणि सिग्नलला तो वेळ ठाऊक आहे, याच तीन ओळींत येते. वेगळी निवेदनाची पट्टी लागत नाही.

नौपाडा_नाका

थोडा विरोध नोंदवतो. सिग्नलला २० पानं नियमाच्या चौकटीत कोंडलीत तर दहाव्या पानापर्यंत वाचकाला तिचं पुढचं वाक्य आधीच कळायला लागेल. सातत्य म्हणजे एकसुरीपणा नव्हे. ऑगस्ट १९६२ च्या पहिल्या गोष्टीपासून स्पायडर-मॅनचं उदाहरण आहे: पीटर पार्कर वर्गात बुजरा, आणि मुखवटा चढवून मारामारीत उतरला की तोंडाचा पट्टा थांबत नाही. कुणी म्हणत नाही की हा माणूस बदलला. मग सिग्नलने मुखवट्यात जरा मोकळं बोललं तर काय बिघडलं?

पान_उलटा

मुद्दा रास्त आहे, पण स्पायडर-मॅनच्या बडबडीला कारण आहे. मुखवट्यामागे त्याला कुणी ओळखत नाही म्हणून त्याला धीर येतो, आणि भीती दाबायला तो बोलतो. शिवाय शत्रू चिडतो आणि चुकतो. म्हणजे बडबड त्याच्या स्वभावातूनही येते आणि लढाईतही उपयोगी पडते. शलाकाचं उलट आहे. तिला मुखवट्याआधीही अधिकार आहे, काळा कोट आहे. मुखवटा चढवून तिला नवीन धीर मिळत नाही, फक्त जबाबदारी वाढते. आणि लढाईत तिला बोलताच येत नाही.

तुम्ही म्हणता तो मोकळेपणा घरी द्या. पान ७ वर आत्याच्या स्वयंपाकघरात ती 'ए आत्या, तू गप्प बस ना' म्हणू शकते, महाभरतीची नक्कलही करू शकते. तीच बाई, तीच नेमकेपणाची खोड, पण समोर माणूस वेगळा. नक्कलसुद्धा तिच्या पद्धतीने व्हावी: हावभाव कमी, पण त्याने किती वाजता काय म्हटलं ते शब्दशः. वाचक हसेल आणि त्याला ती ओळखीचीही वाटेल.

तू-तुम्हीचा हिशेब संहितेच्या समासात लिहून ठेवा. सिग्नल सगळ्यांना तुम्ही म्हणते, आत्याला तू. महाभरती सगळ्यांना तुम्ही म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने ते प्रेक्षक आहेत. जनाआजी सगळ्यांना तू म्हणते, महाभरतीलाही. पूर्ण अंकात सिग्नलने महाभरतीला फक्त एकदा 'तू' म्हणावं, पान १६ वर, तो मुलगा बुडायला लागतो तेव्हा. आधीची पंधरा पानं 'तुम्ही' काटेकोर राहिलं असेल तर त्या एका 'तू'ने वाचक दचकेल. पान ५ वरच 'रे' वापरून टाकलं तर ते हत्यार हातातून गेलं.

रेघोट्या

चित्राच्या बाजूने बोलते.

पॅनेल ३ हे अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पॅनेल आहे आणि संहितेत त्यासाठी एवढंच आहे: "महाभरती. शब्द नाहीत." चित्रकाराला यातून काही मिळत नाही. पॅनेल १ आणि ३ ची चौकट एकच हवी: तेच अंतर, तोच कोन, इंडिकेटर त्याच जागी. हात पसरलेलेच राहू देत. फक्त डोळे मुलाकडे वळलेले आणि तोंड शेवटच्या 'ती'वर अर्धवट उघडं. त्याने हात खाली घेतले तर त्याने हार मानली असं दिसतं आणि हशा एक पॅनेल आधीच संपतो. मागची गर्दीही हलवू नका. बाकी काहीच बदललेलं नसलं तरच डोळ्यांतला बदल दिसतो.

चेहऱ्यावर विनोद तोलायचा कसा हे पाहायचं असेल तर १९८७ ला सुरू झालेली जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या गटाची कॉमिक मालिका पाहा, गिफेन आणि डिमॅटिस यांचं लेखन, केव्हिन मॅग्वायर यांची चित्रं. एकाच खोलीत उभी असलेली सहा-सात माणसं एकच बातमी ऐकतात आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. नुसत्या चेहऱ्यावरून कोण कोणाबद्दल काय विचार करतंय ते कळतं. तिथे सातत्य ओठांच्या आणि भुवयांच्या सवयीत आहे.

म्हणून सिग्नलच्या श्वास रोखलेल्या चेहऱ्याचा एक तक्ता आधीच काढून ठेवा, चार अवस्थांचा. नुकताच घेतलेला श्वास: छाती वर, चेहरा शांत. मग गाल ताणलेले. मग कपाळावरची शीर आणि पाणावलेले डोळे. शेवटी सुटलेला श्वास, खांदे पडलेले. अंकभर हेच चार चेहरे वापरायचे. विनोद म्हणून एखाद्या पॅनेलमध्ये बेडकासारखे गाल फुगवायचा मोह होईल, तो टाळा. तसं केलं की पान १६ वर तोच चेहरा गंभीर वाटणार नाही.

आणि पॅनेल ५ मध्ये ती बोलू शकत नाही ही अडचण मानू नका, अंकातली सर्वात श्रीमंत जागा तीच आहे. महाभरतीला काय हवंय? प्रेक्षक. असा, जो मधे बोलणार नाही, उठून जाणार नाही. लाट धरून उभी असलेली सिग्नल ही त्याला मिळालेली पहिली श्रोती आहे. तो तिच्यावर हल्ला करायचं विसरून स्वगत सुरू करेल. ती डोळ्यांनी घड्याळ बघेल. तो म्हणेल, "तुम्हाला कळतंय. पहिल्यांदाच कुणाला तरी कळतंय." तिच्या गालांवर ताण वाढत जातो आणि त्याला वाटतं ती हेलावली आहे.

बोरू

रेघोट्या, हे संहितेत घेतोच. पान ६ च्या मधल्या रांगेची तीन पॅनेलं त्याच्या स्वगताला देतो, तिचे चेहरे एक ते तीन क्रमाने. चौथा चेहरा खालच्या रांगेत, श्वास सुटतो आणि लाट दोघांवरही कोसळते.

खाडीकाठ

भरतीचा हिशेब संहितेत ढोबळ आहे, तो नेमका केलात तर विनोद वाढेल.

कोळीवाड्यांतला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास पूर्ण होते, आणि मग रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. खाडीच्या टोकाला, म्हणजे ठाण्याकडे, पाणी बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं. तुमच्या अंकात तिथी कुठेच नाही. पान २ वर आत्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंचमी दिसू द्या. मग सकाळी दहा म्हणजे ओहोटी नुकतीच संपलेली आणि भरती पूर्ण व्हायला पावणेसहा तास बाकी. पान_उलटा यांचा तीन तिकिटांचा हिशेब बरोबर जुळतो. महाभरती चुकीच्या वेळी आला आहे आणि त्याला पावणेसहा तास फलाटावर ताटकळायचं आहे. घोषणा झाली, पाणी आलं नाही. आयुष्यभर त्याचं हेच झालंय. पडदा उघडतो आणि पुढचं काही घडत नाही.

जनाआजीचं पान ८ वरचं वाक्य मला अजिबात पटलं नाही. तिला तुम्ही "काय बी समजना बगा मला" असं बोलायला लावलंय. ही नाटक-सिनेमातली घाटावरची बोली आहे, बेलापूरच्या कोळीवाड्यात ती कुणी बोलत नाही. आमच्याकडच्या आगरी-कोळी बोलीत गाडीची गारी होते, पाण्याचं पानी, डोळ्याचा डोला, आणि मला ऐवजी मना. एवढी चार लक्षणं धरली आणि अंकभर पाळली तरी कानाला खरं वाटेल. पहिल्या वाक्यात 'पानी' आणि चौथ्यात 'पाणी' असं झालं की आजीच हरवते. छपाईआधी हे संवाद कोळीवाड्यातल्या एखाद्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ती अडखळेल तिथे शब्द बदला.

याहून महत्त्वाचं: हसू तिच्या बोलण्याचं होता कामा नये. या अंकात खाडी सर्वांत जास्त तिला कळते. महाभरती तिच्यासमोर गरजतो आणि ती म्हणते, "आज पंचमी हाय. पानी पावनेचारला भरनार." एवढंच. वाचक हसेल तो महाभरतीला, आणि आजीचा मान वाढेल. वाक्याला उद्गारचिन्हही नको, ती रोजची गोष्ट सांगतेय.

ऐरोलीकर

पान ११ वर ठाण्याहून वाशीला निघालेली गाडी लांब खाडीपुलावर दाखवली आहे. तो पूल हार्बर मार्गाचा, मानखुर्द आणि वाशीच्या मधला. ठाण्याहून सुटलेली ट्रान्स हार्बरची गाडी कळव्याजवळच अरुंद खाडी ओलांडते आणि मग ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा करत वाशीपर्यंत खाडीच्या पूर्वेनेच जाते. दुसऱ्या कुठल्या अंकात हे चाललं असतं. इथे नायिका स्वतः याच मार्गावर तपासनीस आहे आणि तिचा सगळा विनोद नेमकेपणावर उभा आहे. तिच्या खिडकीतून चुकीचा पूल दिसला तर पुढच्या पानावर ती दुसऱ्याची चूक दाखवते तेव्हा वाचक तिच्या बाजूने राहणार नाही. पाण्यावरची मारामारी हवीच असेल तर कळव्याच्या पुलावर आणा, किंवा तिला सानपाड्याला गाडी बदलायला लावा. नवीन दिघा गाव स्टेशन दाखवायचं की नाही ते अंकाचा काळ कोणता यावर ठरवा.

दंडाच्या पावतीबद्दल: विनातिकीट प्रवासाला किमान २५० रुपये आणि वर भाडं. संहितेत नुसतं "दंड भरा" आहे. आकडा घाला. "दोनशे पन्नास, अधिक भाडं" हे ती तीनदा म्हणणार असेल तर तिन्ही वेळा शब्द तेच हवेत.

पान_उलटा

पावतीचा विनोद तीनदा येतो: पान ३, ९ आणि १७. अंतर चांगलं आहे. पान ३ वर ती साखळीचोराची पावती फाडते, तिथे वाचकाला सवय लागते. पान ९ वर महाभरतीच्या मदतनीसाची, तिथे सवय पक्की होते. पण संहितेत पान १७ वर पुन्हा तेच आहे, फक्त माणूस मोठा. तिसऱ्या वेळी विनोदाने कथा पुढे ढकलली पाहिजे. पावतीवर नावाचा रकाना आहे. तो म्हणतो, लिहा, महाभरती. ती म्हणते, "हे नाव नाही, हे पद आहे. नाव सांगा." रकाना रिकामा सोडणं तिला शक्यच नाही, भले आजूबाजूला पाणी चढतंय. आणि त्याला खरं नाव सांगणं शक्य नाही, कारण त्या नावाला कधी टाळी मिळाली नाही. दोघांचे स्वभाव समोरासमोर येतात आणि लढाई तिथे जिंकली जाते. त्याने नाव सांगितलं की भरतीवरचा त्याचा ताबा सुटतो. त्यासाठी नवीन नियम लागत नाही, कारण पान ६ वर प्रेक्षक मिळाल्यावर त्याचा जोर वाढलेला आपण पाहिलेलाच आहे.

आता पानं उलटण्याचा हिशेब. विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे. विषम पानाचं शेवटचं पॅनेल वाचून वाचक पान उलटतो, म्हणून आश्चर्य सम पानाच्या पहिल्या पॅनेलमध्ये ठेवायचं. पान १७ शेवटी "नाव सांगा", पान १८ वरच्या बाजूला उत्तर. छान बसतं. पान ५ मात्र उजवीकडे आहे, पान ४ वाचतानाच नजर तिथे जाते आणि मुलाचं वाक्य आधीच दिसतं. "मी… महाभरती!" हे पान ५ चं शेवटचं, मोठं पॅनेल करा आणि "फॉर्म सुटले का?" पान ६ च्या पहिल्या पॅनेलमध्ये न्या. पाणी चढण्याची तीन पॅनेलं पान ५ वर आधी घाला, नाहीतर पान रिकामं वाटेल. संपादकीयाचं एखादं पान कथेच्या आधी घालायचा विचार असेल तर तो सोडा. एक पान वाढलं की सगळी आश्चर्यं उजवीकडे सरकतात. घालायचंच तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला.

मोबाइलवरच्या आवृत्तीत पान उलटणं नाही. तिथे त्याच दोन जागी एक पडदाभर कोरी जागा सोडा, म्हणजे बोट सरकवावं लागेल.

फुगेवाला

अक्षरांकनाचं, म्हणजे संवादाच्या फुग्यांतल्या अक्षरांचं सांगतो, कारण बरेच मराठी विनोद संहितेत हसवतात आणि छापल्यावर मरतात ते इथेच.

महाभरतीच्या पहिल्या वाक्यात १९ शब्द आहेत. इंग्रजी कॉमिक्समध्ये एका पॅनेलला ३५ शब्दांची जुनी मर्यादा सांगतात, पण तो आकडा आपल्याकडे चालत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'पिढ्यानपिढ्या' आणि 'उंबरठ्याशी' एका ओळीत बसत नाहीत आणि शब्द मधेच तोडला तर वाचताना ठेच लागते. एका फुग्यात १२ शब्दांच्या वर जाऊ नका. हे वाक्य तीन जोडलेल्या फुग्यांत जाईल: 'बांधलीत'पर्यंत एक, 'आली आहे'पर्यंत दुसरा, 'ओळखा मला' तिसरा. नाव पुढच्या पॅनेलमध्ये एकटं.

ए५ छपाईला अक्षर साडेनऊ ते दहा पॉइंट, ओळींतलं अंतर तेरा-साडेतेरा. इंग्रजी लेटरिंग सगळं कॅपिटलमध्ये असतं म्हणून ओळी घट्ट चालतात. आपल्याकडे वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, ओळी घट्ट केल्या की 'र्ती'चा रफार वरच्या ओळीच्या उकारात अडकतो. पाठीमागच्या पाट्या, इंडिकेटर, कॅलेंडरवरची 'पंचमी' हे सगळं ए३ मूळ चित्रावर किमान १८ पॉइंटचं हवं, छापताना ते निम्म्यावर येतं.

जोर दाखवायला शब्द ठळक करू नका. दहा पॉइंटला ठळक केलेला 'ष' किंवा 'क्ष' आतून भरून जातो. आपल्याकडे जोर 'च', 'तर', 'की'ने येतो, तो लेखकाने वाक्यातच द्यावा. महाभरतीचा आवाज मोठा दाखवायचा तर फुग्याची कड जाड करा आणि अक्षर दीड पॉइंट वाढवा. सिग्नलच्या फुग्याची कड कायम एकसारखी, तिचा आवाज चढत नाही. फक्त पान १६ च्या 'तू'ला अक्षर मोठं.

फुग्यांचा क्रम: जो आधी बोलतो तो चित्रात डावीकडे उभा हवा. फलाट तिकिटाच्या संवादात सिग्नल जिन्यावरून उजवीकडून उतरतेय, म्हणजे तिचा फुगा नंतर वाचला जाईल आणि "मी महाभरती आहे!" आधी येईल. उत्तर आधी, प्रश्न नंतर. रेघोट्या, जिना डावीकडे घ्या.

इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी टाकताना परिच्छेदाच्या खिडकीत वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं तुटतात. "सिग्नल" हा शब्दच आधी टाकून बघा, त्यात दोन्ही आहेत.

पान १८ च्या उत्तरासाठी: फुगा महाभरतीच्या नेहमीच्या आकाराचा, जाड कडेचा, आणि आत नाव सात पॉइंटमध्ये. बाजूला मोकळी जागा. नाव साधं ठेवा, वसंत किंवा अरविंद. विनोदी नाव ठेवलंत तर वाचक नावाला हसेल, आणि त्या क्षणी त्याला त्या माणसाची कीव यायला हवी.

नौपाडा_नाका

पान ७ च्या नकलेबद्दल पटलं. एक प्रश्न राहतो. पानांच्या तळाशी बारीक अक्षरात आत्याने महाभरतीचं व्याकरण तपासलेलं दाखवावं असं पान १० च्या समासात लिहिलंय. २०१५ ची स्क्विरल गर्लची कॉमिक मालिका, रायन नॉर्थ यांची, तळटीपांमधून असं हसवते. चालेल का?

पान_उलटा

तिथे टिपा लेखकाच्या आवाजात आहेत, आणि मालिका पहिल्या अंकापासून तशीच आहे. तुमच्या टिपा आत्याच्या आवाजात असतील तर आत्या हा अंक वाचतेय असा अर्थ होतो. मग तिला पान १६ चं संकट आधीच ठाऊक हवं. शिवाय पहिल्या अंकात अशा टिपा नव्हत्या. तिचं व्याकरण फोनवर येऊ द्या, सिग्नलच्या कानात, लाट धरलेली असताना, जेव्हा ती "आत्या, नंतर" असंही म्हणू शकत नाही.

बोरू

तळटीपा काढल्या. आत्याचा फोन पान १३ वर, दुसऱ्या लाटेच्या वेळी. जिना डावीकडे, पंचमी पान २ वर, वाशीचा पूल गेला आणि मारामारी कळव्याला आली. जनाआजीचे सगळे संवाद नव्याने लिहून खाडीकाठ यांना पाठवतो. खलनायकाचं खरं नाव अरविंद.

मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा असा आहे: मोठी लाट, समोर हात उभा केलेली सिग्नल, वर ठळक 'महाभरती आली!'

रेघोट्या

मुखपृष्ठावरून नाव काढा. तिथे ते वाचून फॉर्मचा विनोद प्रत्येक वाचक विकत घेतानाच स्वतःशी करेल आणि पान ६ वर मुलगा उशिरा बोललेला वाटेल. लाट आणि सिग्नल पुरे, तिच्या दुसऱ्या हातात पावतीपुस्तक द्या. पान ४ वरच्या टीव्हीच्या बातमीतही त्याचं नाव आलंय, तिथे 'अज्ञात इसम' करा.

बोरू

दोन्ही बदलतो. बातमीत 'अज्ञात इसम' असेल तर पान ५ वर तो "ओळखा मला!" म्हणतो त्यालाही कारण मिळतं: त्याने सकाळची बातमी पाहिली आहे. पान ४ च्या शेवटच्या पॅनेलमध्ये टीव्हीच्या काचेत त्याचा चेहरा हवा.